बिस्मथमध्ये शिसं

मधुकर पोतनीसांचा उजवा डोळा वाचेल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते. आणि तो डोळा गीतांजली मढवीच्या निष्काळजीपणामुळे धोक्यात आला, असं त्यांच्या मुलीने पोलिसांना लिहून दिलं होतं.

ती गीतांजली आता डिटेक्टिव्ह मंजुषा कोरगावकरच्या सानपाड्याच्या ऑफिसात समोर बसली होती. बोलत मात्र होता तिचा नवरा.

"मॅडम, सरळच सांगतो," दिपेश मढवी म्हणाला. "हे काम निशांतचं आहे. निशांत सावर्डेकर. हिच्याच कंपनीत असतो. तुम्ही फक्त पुरावा काढा."

"आधी काय झालं ते कळू दे," मंजुषा म्हणाली. "आणि ते गीतांजलीताई सांगतील."

कोपऱ्यात नंदकिशोर आपला जुना ट्रान्झिस्टर कानाशी हलवून बघत होते. ते मंजुषाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मेहुणीच्या कामात गाडी चालवणं आणि सोबत करणं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. ट्रान्झिस्टर आज काही केल्या बोलत नव्हता.

गीतांजली सावकाश बोलू लागली. महाप्याच्या एमआयडीसीत पोतनीसांचा छोटा कारखाना होता. कमी उष्णतेला वितळणारे मिश्रधातू तिथे तयार होत. ती तिथली धातुतज्ज्ञ.

"कँटीनमध्ये वाफेचे मोठे कुकर असतात ना, त्यांना एक पितळी प्लग बसवतात. त्याच्या पोटात आरपार भोक असतं आणि भोकात आमचा धातू. कुकर प्रमाणाबाहेर तापला की धातू वितळतो आणि वाफ निघून जाते. झाकण उडत नाही. आजवर त्यात शिसं आणि कॅडमियम असायचं. दोन्ही विषारी, आणि खाली शिजतोय लोकांचा भात. म्हणून मी बिस्मथ आणि कथिलाचा प्लग केला. फक्त दोनच धातू."

"बिस्मथ विषारी नाही?"

"वजनाला जवळजवळ शिशासारखा, पण गरीब आहे बिचारा. पोटाच्या औषधात घालतात. चेहऱ्याला लावायच्या चमकदार पावडरीतसुद्धा असतो." धातूबद्दल बोलताना तिचा आवाज जरा मोकळा झाला होता. "माझं मिश्रण एकशे अडतीस अंशांना वितळतं. कुकर चालतो एकशे वीसच्या आसपास. सोमवारी कळंबोलीला कुकरवाल्यांच्या शेडमध्ये ट्रायल होती. दाब नुकता चढायला लागला होता आणि प्लग सुटला. सर वाकून बघत होते. सगळी वाफ चेहऱ्यावर आली."

"म्हणजे शंभरच्या थोडं वर गेल्या गेल्या सुटला."

"हो. आणि माझा धातू तेवढ्यावर सुटूच शकत नाही."

"शिसं पडलं तर सुटतो," दिपेश मध्येच म्हणाला. "शिसं मिसळलं की शहाण्णवपासूनच मऊ पडायला लागतो. आणि कंपनीत शिसं कोणाकडे असतं? निशांतकडे. जुने प्लग त्याच्या हाताखाली बनतात. हिचे चालले असते तर त्याचा विभागच बंद."

मंजुषाने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हीपण याच लाइनमधले?"

"छे! जुईनगरला माझं साउंडचं दुकान आहे. हळदी, लग्नं, पूजा. अँप्लिफायर रिपेअरिंग. हे सगळं ही घरी बोलते म्हणून माहीत."

"प्लग कधी ओतले?"

"शुक्रवारी," गीतांजली म्हणाली. "डझनभर. प्रत्येकावर मी स्वतः नंबर ठोकला, डब्यात लावले, फोटो काढला आणि डबा बॅगेत टाकला. सोमवारी घरूनच कळंबोलीला जायचं होतं."

तिने मोबाईल पुढे केला. पितळेच्या कड्यांमध्ये चकचकीत चंदेरी ठिपके; प्रत्येक मधोमध किंचित फुगीर, भरून आलेल्या थेंबासारखा. मंजुषाने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि आपल्याकडे मागून घेतला.

"डबा पुन्हा कधी उघडलात?"

"मी नाही उघडला. कळंबोलीला वामनकाकांनी उघडला. आमचे जुने भट्टीवाले. त्यांनी सात नंबरचा प्लग काढून बसवला. मी दाबाच्या गेजपाशी होते."

"आणि रविवारी निशांत घरी आला होता," दिपेश म्हणाला. "ते सांग ना. मी दुकानात होतो, नंतर हिलाच विचारलं. आकाशी शर्ट घालून आला. दोन लाडू खाल्ले. ही चहा करत होती तेव्हा तो बाहेरच्या खोलीत एकटाच, आणि बॅग तिथेच. हिला 'गीता' म्हणतो. घरात आम्ही कोणी गीता म्हणत नाही."

गीतांजलीने खाली पाहिलं. "तो ट्रायलची ड्रॉइंग्ज द्यायला आला होता, दिपेश."

"मोबाईलवर पाठवता येत नव्हती?"

मग मंजुषाने काम स्वीकारल्याचं सांगितलं.

ते दोघं गेल्यावर नंदकिशोर म्हणाले, "नवरा भलताच जळतोय गं."

"जळतोय खरा, भावोजी. चला, महाप्याला जाऊ."

---

पोतनीसांच्या केबिनमध्ये त्यांची मुलगी श्रुती बसली होती. हिशेबाचं काम तीच बघायची. टेबलावर एक विलक्षण वस्तू होती. पायऱ्या-पायऱ्यांचा लहानसा किल्ला, आणि त्याच्या अंगावर निळा, जांभळा, सोनेरी असे रंग, पाण्यावर तेल सांडल्यासारखे.

"हे काय?" नंदकिशोरांनी विचारलं.

"बिस्मथचा स्फटिक. वितळवून हळूहळू थंड केला की असा होतो. रंग वरच्या गंजाचे." श्रुतीने तो बाजूला सरकवला. "तिने करून दिलाय बाबांना. या टेबलावर माझा एकही फोटो नाही, तुमच्या लक्षात आलं का? पण हा आहे."

"तुम्हाला ती आवडत नाही."

"मी हिशेब मांडून दिला की बाबा म्हणतात, 'ठेव तिथे.' ती ओंजळभर धातू घेऊन आली की खुर्चीवरून उठतात. जेवताना पण तिचंच नाव. आणि आज ते डोळ्याला पट्टी बांधून पडलेत." तिचा आवाज चिरकला. "मी तक्रार दिली ते चुकलं का?"

"ते बघू. उरलेले प्लग कुठे आहेत?"

"माझ्याकडे, कुलपात. सोमवारी डबा मीच ताब्यात घेतला. शुक्रवारच्या ओतकामातून उरलेल्या धातूची लादीपण आहे. दर वेळेला नमुना ठेवतो आम्ही."

तिने कपाट उघडून डबा आणि लादी टेबलावर ठेवली. मंजुषाने एक प्लग उचलून नंदकिशोरांच्या हातात दिला.

"बोट फिरवा, भावोजी. काय लागतं?"

"मधोमध खळगा आहे. वाटीसारखा. बारीकसा." त्यांनी दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. "सगळ्यांना आहे." मग त्यांनी प्लग नाकाशी नेला. "आणि या स्क्रूच्या आट्यांत काहीतरी तपकिरी चिकटलंय. वास बघ, देवघरात आल्यासारखा."

मंजुषानेही वास घेतला. "यातला एक आणि लादीचा तुकडा मी तपासायला नेऊ?"

"न्या की. निघेल ते तिच्याविरुद्धच निघेल."

---

निशांत सावर्डेकर उंच, चष्मेवाला, तिशी ओलांडलेला. मंजुषाने आडवळण घेतलं नाही.

"गीतांजलींचं यश तुम्हाला खुपत होतं?"

तो जरा गोरामोरा झाला. मग खुर्चीत मागे टेकला.

"खोटं कशाला बोलू? खुपत होतं. शिशाशिवायच्या प्लगची कल्पना मी आधी मांडली होती. सर म्हणाले, बघू. ती आली, तिने तीच मांडली आणि सरांनी लगेच भट्टी दिली. मी दोन दिवस कामावर आलो नव्हतो. नंतर तिचं काम पाहिलं. मला ते तसं जमलं नसतं. हे कळल्यावर तर आणखी जळलो."

"आणि तरी रविवारी तिच्या घरी गेलात?"

"ड्रॉइंग मोठं होतं, कागदावरच बघायला हवं होतं. दहा मिनिटं बसलो असेन. तिचा नवरा माझ्याकडे कसा बघतो ते माहीत आहे, म्हणून तो असताना मी जात नाही. ते अजूनच वाईट दिसतं, नाही का?"

"तुमच्या विभागात शिसं असतं ना?"

"सुटं नाही. तयार मिश्रधातूच्या कांड्या येतात. बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम, चारही एकत्र. गंमत बघा."

त्याने थर्मासमधलं कढत पाणी काचेच्या पेल्यात ओतलं आणि त्यात एक चंदेरी कांडी धरली. कांडीचं टोक ढासळलं आणि पेल्याच्या तळाशी पाऱ्यासारखा गोळा होऊन थरथरू लागलं.

"अरे बापरे!" नंदकिशोर पुढे सरकले.

"सत्तर अंश पुरतात. आग विझवायच्या फवाऱ्यांत हाच असतो. पातळ नळ्या वाकवताना आत ओततात, म्हणजे त्या चेपत नाहीत. काम झालं की गरम पाण्याने काढून टाकतात. आणि बिस्मथची खरी करामत अशी की, बाकीचे धातू घट्ट होताना आकसतात, हा बर्फासारखा फुगतो. त्यामुळे साच्याचा कानाकोपरा भरतो. मिश्रणात निम्म्याहून जास्त बिस्मथ असला की गुण टिकतो. कमी झाला की तोही इतरांसारखा आकसतो."

"गीतांजलींच्या धातूत किती?"

"अठ्ठावन्न टक्के बिस्मथ, बेचाळीस कथील."

मंजुषाने मान डोलावली. त्या कांडीचा एक तुकडा तिने मागून घेतला. निशांतने कुरकुर न करता दिला.

वामन भोईर भट्टीपाशी विडी न पेटवता नुसतीच बोटांत फिरवत बसले होते. खाडीकाठच्या गावचे, जमीन गेली तेव्हापासून इथे. त्यांच्या पिशवीतून जाळ्याला बांधायचे शिशाचे मणी बाहेर डोकावत होते.

"ह्ये मनी बघून सगली माझ्यावरच बघतान," ते म्हणाले. "रविवारी खाडीला जातो मी, जालं टाकाया. जुनं शिसं हाय घरात, त्याचंच मनी करतो. पन सायबाला कशाला भाजू मी? मालकानं माझ्या पोराला कालेजात घातलाय."

"गीतांजलीताईंचा राग येत नव्हता कधी? कालची मुलगी येऊन हुकूम सोडते म्हणून?"

"येत व्हता ना. पयल्या वर्षाला लय येत व्हता." ते हसले. "मंग गेला."

"कळंबोलीला डबा उघडलात तेव्हा प्लग असेच होते?"

"मी कुटं बघितला? सात नंबर बोलली, सात नंबर काढला, पान्याने आवलला."

मंजुषाने एक मणी मागितला.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "भावोजी, ट्रान्झिस्टर घ्या. जुईनगरला जाऊ. दिपेशला दाखवू."

स्टेशनजवळच्या गाळ्यात स्पीकरची उतरंड लागली होती. दिपेशने ट्रान्झिस्टर उघडला, एक सुटलेली तार शोधली आणि सोल्डरिंग आयर्न तापवलं. तारेचं टोक टेकवताच बारीक धूर निघाला आणि चमकता थेंब जागेवर बसला. नंदकिशोरांना दोन शिंका आल्या. ट्रान्झिस्टर गाऊ लागला.

"हात छान आहे तुमचा," मंजुषा म्हणाली.

"हीसुद्धा इथेच शिकली." त्याने आयर्न स्टँडवर ठेवलं. "डिप्लोमाला होती तेव्हा याच बाकावर मी तिचा हात धरून शिकवलंय. धातू कसा पळतो, कसा बसतो. पहिल्यांदा वितळलेला थेंब बघून टाळ्या वाजवल्या होत्या तिने." तो जरा थांबला. "आता मी काही सांगायला गेलो की म्हणते, तसं नसतं रे. त्या निशांतशी मात्र तास तास बोलते."

"आता इथे येत नाही ती?"

"सुरुवातीला सॅम्पल करायला यायची. मग म्हणाली, तुझ्या दुकानात नको. हा बाकच पुसून टाकला तिने आपल्या आयुष्यातून."

त्याने पैसे घेतले नाहीत. निघताना विचारलं, "निशांत सापडेल ना?"

"ज्याने केलंय तो सापडेल," मंजुषा म्हणाली.

तिथून गाडी कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेली. ट्रकच्या रांगांतून वाट काढत दोघं एका ओळखीच्या भंगारवाल्याकडे पोचले. त्याच्याकडे पिस्तुलासारखं यंत्र होतं. धातूला टेकवून घोडा दाबायचा, आत काय काय आहे ते पडद्यावर येतं. मंजुषाने टेबलावर सगळं ओळीने मांडलं: प्लग, लादी, निशांतची कांडी, वामनकाकांचा मणी. शेवटी ट्रान्झिस्टर.

"हा कशाला?" नंदकिशोर दचकले.

"पाठ उघडा त्याची."

"आत्ता तर वाजायला लागलाय, मंजू!"

"दिपेशने तार जोडली तो डाख तेवढा काढायचाय. दुसरा आणून देईन."

नंदकिशोर तोंड फिरवून ट्रक बघत उभे राहिले.

---

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी महाप्याच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये सगळे जमले. श्रुती भिंतीशी हाताची घडी घालून उभी होती. गीतांजली आणि दिपेश एका बाकावर, निशांत दुसऱ्यावर, वामनकाका दाराशी. शेगडीवर पातेल्यात पाणी खळखळत होतं.

मंजुषाने त्यात लादीचा तुकडा टाकला आणि डब्यातला एक प्लग. थोड्या वेळाने चमच्याने तुकडा दाबला. चमचा वाकला, तुकडा तसाच. मग प्लगच्या मधोमध चमचा टेकवला. तो आत रुतला. धातूचं खिमट झालं होतं.

"दोन्ही शुक्रवारच्या एकाच ओतकामातले," ती म्हणाली. "लादी शुद्ध आहे. म्हणजे गीतांजलींनी ओतलेला धातू बरोबर होता. त्यांची चूक नाही."

श्रुतीने हाताची घडी सोडली. "मग प्लग असे कसे?"

"ते नंतर बिघडवले. कसं ओळखलं, सांगते. शुक्रवारचा हा फोटो बघा. धातू मधोमध फुगलेला आहे, बिस्मथने आपला गुण दाखवलाय. आणि डब्यातले प्लग बघा. खळगा पडलाय. नंबर तेच, ठोकलेले आकडे तेच, पितळ तेच. म्हणजे प्लग बदलले नाहीत. त्यांच्या पोटातला धातू कोणीतरी पुन्हा वितळवला, त्यात काहीतरी घातलं आणि बिस्मथचं प्रमाण इतकं उतरलं की धातू फुगायच्या ऐवजी आकसला."

"काय घातलं?" निशांतने विचारलं.

"शिसं तर आहेच. पण कुठलं? इथे शिशाच्या दोन जागा मला दिसल्या. एक तुमची कांडी. ती वापरली असती तर प्लगमध्ये कॅडमियम सापडलं असतं. यंत्राला ते जरासुद्धा सापडलं नाही. तुम्ही सुटलात."

निशांतने चष्मा काढून पुसायला घेतला.

"दुसरे वामनकाकांचे मणी. ते जवळजवळ निव्वळ शिसं. ते मिसळलं असतं तर बिस्मथ आणि कथील दोन्ही त्याच हिशेबात कमी झाले असते आणि बिस्मथ कथिलापेक्षा जास्तच राहिला असता. पण प्लगमध्ये उलटं निघालं. कथील निम्म्याच्या जवळ, बिस्मथ त्याच्या खाली. म्हणजे शिशाबरोबर भरपूर कथीलही आत गेलंय. काका, तुम्हीही सुटलात."

वामनकाका दाराशीच खाली बसले.

"आता शिसं आणि कथील एकत्र कुठे असतात? साध्या डाखाच्या तारेत. तिच्या पोटात राळ असते, डाख नीट धरावा म्हणून. ती जळून तपकिरी चिकटा उरतो आणि धुपासारखा वास येतो. आट्यांत राहून गेलेला तो चिकटा भावोजींच्या नाकाने पकडला. इथल्या भट्टीवर राळ वापरत नाहीत."

नंदकिशोर एकदम ताठ बसले. ट्रान्झिस्टरचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला असावा.

"राहिला प्रश्न वेळेचा. फोटो काढून डबा बॅगेत गेला तो थेट कळंबोलीला उघडला. कळंबोलीत सगळ्यांसमोर डझनभर प्लग वितळवणं शक्य नाही. रविवारी निशांत दहा मिनिटं बसले. आयर्न तापवून, धूर करून, एकेक प्लग भरून, पुसून पुन्हा लावायला ते पुरत नाहीत आणि आतल्या खोलीतल्या माणसाला वास आल्याशिवाय राहत नाही. श्रुतीताई तर या दोन दिवसांत डब्याच्या जवळसुद्धा नव्हत्या. आणि त्यांनीच लादी जपून ठेवली, मला दिली. दोषी असत्या तर ती आधी भट्टीत गेली असती. शनिवार-रविवार तो डबा एका घरात होता. त्या घरातल्या एकाकडे आयर्न आहे, तार आहे, बसलेला हात आहे. आणि शिसं पडलं की हा धातू शहाण्णवला मऊ पडतो, हे त्याला आकड्यासकट पाठ आहे."

तिने खिशातून कागदाची पुडी काढली. "काल तुम्ही भावोजींचा रेडिओ दुरुस्त केलात, दिपेश. तो डाख मी तपासला. साठ कथील, चाळीस शिसं. तसली तार शंभर दुकानांत मिळते, मान्य आहे. पण तुमच्या घरात शंभर माणसं राहत नाहीत."

गीतांजली नवऱ्याकडे वळली. नुसती बघत राहिली. तेच त्याला सोसेना.

"शनिवारी तू आईकडे गेली होतीस," तो शेवटी म्हणाला. "डबा दुकानात नेला. मला वाटलं नुसती वाफ सुटेल. ट्रायल फेल होईल, बस्स. कोणाला भाजेल असं डोक्यातच आलं नाही. देवाशप्पथ."

"निशांतसाठी?" तिने विचारलं. "त्याच्या-माझ्यात काही आहे असं वाटलं तुला?"

तो उत्तर देणार होता, पण मंजुषा आधी बोलली.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण निशांतचा राग असता तर निशांतच्या कामात घाण केली असती. यांनी तुमचं काम बिघडवलं. पहिल्या भेटीपासून हे मला निशांतबद्दल सांगत होते. काल दुकानात एकदाच तुमच्याबद्दल बोलले, तेव्हा खरं बाहेर आलं."

दिपेशने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती.

"माझ्या बाकावर शिकली," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला की श्रुती जवळ सरकली. "लोकांना सांगायचो मी, बायकोला मी शिकवलं. आता गावात विचारतात, गीतांजलीचा नवरा ना तू? सोमवारनंतर तर पेपरात फोटो आला असता. मी... एकदा फक्त तिचं चुकावं, असं वाटलं. एकदाच. घरी येईल, रडेल, मला विचारेल काय करू. पहिल्यासारखी."

"मी चार दिवस रडले नाही," गीतांजली म्हणाली. "तुला माहीत आहे का? तुला त्रास नको म्हणून."

त्याने तोंड झाकलं.

"आणि मला घेऊन यांच्याकडे आलास. निशांतला अडकवायला."

"तूच म्हणालीस डिटेक्टिव्हकडे जाऊ. नाही म्हटलं असतं तर... तुझ्यावरची केस तरी सुटेल असं वाटलं."

गीतांजली उठली. ओढणी सारखी केली.

"पोलिसांकडे जायचंच आहे. पण आधी सरांकडे. तूच सांगायचंस, मी नाही सांगणार."

---

वाशीच्या दवाखान्यात पोतनीस उशीला टेकून बसले होते. अर्धा चेहरा पट्टीत. दिपेश पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, अडखळत, पण काही न गाळता. त्याचं बोलणं संपल्यावर पोतनीसांनी उघड्या डोळ्याने त्याला बराच वेळ न्याहाळलं, मग गीतांजलीकडे वळले.

"म्हणजे मिश्रण बरोबर होतं?"

"हो, सर."

"एकशे अडतीस?"

"एकशे अडतीस."

"मग पुन्हा ओता. ट्रायल लावा. मी लांब उभा राहीन या वेळी."

चार दिवस आवरून धरलेलं गीतांजलीचं रडं तिथे फुटलं. पलंगाच्या दांडीला धरून ती रडली. दिपेश एक पाऊल पुढे आला आणि थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

दाराशी श्रुती उभी होती. बाबांनी आपल्याला काही विचारलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. ती वळून बाहेर गेली. नंदकिशोरांना वाटलं, आता ही परत येत नाही. पण ती आली, हातात पाण्याचा ग्लास घेऊन. तो तिने गीतांजलीपुढे धरला, जरा जोरातच.

"तक्रार मागे घेते," ती म्हणाली. "तू मला अजूनही आवडत नाहीस. पण खोटं लिहून दिलेलं राहू देणार नाही."

मग ती वडिलांजवळ गेली. "बाबा, ती बरोबर होती हे कळलं. आता मी इथे चार रात्री बसलेय, तेही कळू दे."

पोतनीसांचा हात चाचपडत पुढे आला. श्रुतीने तो धरला आणि स्टूल ओढून घेतलं.

बाहेर पॅसेजमध्ये दिपेशने बायकोला हळूच विचारलं, "घरी येशील ना?"

गीतांजलीने ग्लास रिकामा केला. चेहरा पुसला.

"आधी पोलिसांत जा," ती म्हणाली. "वकील मी बघते, तुला एकट्याला जमायचं नाही. राहायला मात्र आईकडे जाते. किती दिवस, ते मला विचारू नकोस. आज मलाच माहीत नाही."

तो मान खाली घालून जिना उतरला. ती वरच थांबली, आणि तो फाटकाबाहेर पडेपर्यंत खिडकीतून हलली नाही. मग तिने निशांतला फोन लावला आणि भट्टी कधी मोकळी आहे ते विचारलं.